सपाट बाजूची ओळख

आमच्या संस्थेत साहेबांना समोर ‘सर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘कंगोरेसाहेब’. हे त्यांचं आडनाव नव्हे. पण एका परिषदेत आयोजकांनी तेच खरं धरलं आणि त्यांच्या गळ्यात ‘डॉ. कंगोरे’ अशी पट्टी अडकवली, तर साहेबांनी ती दिवसभर उतरवली नाही. यावरून काय ते समजा.

हा कंगोरा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचा तमाशा कळायचा नाही. दूध नासलं की जे पिवळसर पाणी सुटतं, त्यात एक प्रथिन असतं. त्याचं खरं नाव घ्यायला दोन श्वास लागतात, म्हणून आम्ही त्याला ‘टोपली’ म्हणतो. दिसतंही तसंच. पट्ट्या शेजारी शेजारी वळवलेल्या, मध्ये पोकळी, आणि वरच्या काठाला एक तुकडा उगाच बाहेर आलेला. तो कंगोरा. साहेबांनी तरुणपणी तो शोधला, म्हणजे तो तिथे होताच, साहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. आणि जाहीर केलं, की ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्या अंगातल्या अँटीबॉडी दुधाला या कंगोऱ्यावरूनच ओळखतात. ‘आपण माणूस कशावरून ओळखतो? नाकावरून. तसंच आहे हे.’ हे वाक्य त्यांनी कितीतरी व्यासपीठांवरून टाकलं, आणि दर वेळी श्रोत्यांतले निम्मे लोक नकळत स्वतःचं नाक चाचपायचे. मग टाळ्या. नाकाचा दाखला दिल्यावर पुरावा कोण मागतो?

मी मागितला. माझं कामच ते आहे. प्रथिन आणि अँटीबॉडी एकत्र घेऊन त्यांचे बारीक स्फटिक पाडायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि कोण कुणाला नेमकं कुठे धरून बसलंय त्याचं चित्र काढायचं. कंटाळवाणं काम आहे. स्फटिक आठवडेच्या आठवडे रुसून बसतात, आणि ज्या दिवशी पडतात त्या दिवशी नेमकं यंत्र बंद असतं. पण या वेळी मी चिकाटी सोडली नाही, कारण ज्याच्या रक्तातून ती अँटीबॉडी घेतली होती तो माझा सख्खा मोठा भाऊ.

दादा पाववाला आहे. स्वतःची भट्टी, स्वतःचं दुकान, आणि पीठ मळून मळून दंड असे झालेत की अंगरख्याच्या बाह्या शिवणीत उसवतात. दुधाचा पाव ही त्याची खासियत. आणि दुधाचा एक थेंब त्याला चालत नाही. पिठात कच्चं दूध वहिनी ओतते. तेव्हा हा लांब खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. चुकून हातावर उडालं तर तिथल्या तिथे पित्ताच्या गांधी उठतात, टम्म लाल. पण तोच पाव भट्टीतून खरपूस भाजून निघाला की हा दोन-दोन खातो आणि ढेकर देतो. लोकांना हा बनाव वाटतो. ‘पावातलं दूध चालतं आणि पेल्यातलं चालत नाही? सोंगं आहेत नुसती,’ असं आमच्या आत्याने मरेपर्यंत म्हटलं.

सोंग नाही. भट्टीच्या आचेत टोपलीची वीण उसवते. पट्ट्या त्याच राहतात, पण टोपली राहत नाही. आणि दादाची अँटीबॉडी टोपलीला ओळखते, सुट्या पट्ट्यांना नाही. काहींच्या अँटीबॉडी दुधातल्या दुसऱ्याच प्रथिनाला धरतात, त्याला आकार असा नसतोच, त्यामुळे त्यांना कितीही भाजून-उकळून उपयोग नाही. दादा त्यातला नव्हता, एवढंच त्याचं नशीब.

लहानपणी आई आम्हाला धारोष्ण दूध द्यायची, धार काढली तसंच, न तापवता, आणि दादाला साखरेचं पाणी. आमच्या ओठांवर पांढऱ्या मिशा उमटायच्या, आई पदराने पुसायची. एकदा त्याच दुधाचा, पाहुण्यांनी उरवलेला पेला दादाने गपकन तोंडाला लावला. ओठ सुजले, डोळे मिटले, घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, मग तोही येईना. वडिलांनी त्याला खांद्यावर टाकलं आणि चप्पल न घालता दवाखाना गाठला. वाचला. त्यानंतर कधीतरी त्याने वरचा ओठ पिठात बुडवला, आमच्यासारखी मिशी काढली आणि आमच्या रांगेत येऊन बसला. आम्ही खो खो हसलो. आई मात्र आत जाऊन रडली. ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तर स्फटिक पडले आणि चित्र आलं. अँटीबॉडी कंगोऱ्याच्या वाऱ्यालाही उभी नव्हती. टोपलीची एक सपाट बाजू आहे, पट्ट्या एका पातळीत आल्यात तिथे, त्या सपाट पाठीवर ती तळहात टेकवल्यासारखी चिकटून बसली होती. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मग चित्र घेऊन साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी ते उलटं धरलं, सुलटं धरलं, चष्मा कपाळावर चढवला.

‘कंगोऱ्याला धरलेलं दिसत नाही,’ ते म्हणाले.

‘धरलेलंच नाही, सर. सपाट बाजूला धरते.’

‘सपाट बाजूत ओळखण्यासारखं असतं काय? बाई, तुम्ही मला पाठीवरून ओळखाल का?’

ओळखेन, असं अगदी जिभेवर आलं होतं. आम्ही सगळे त्यांना पाठीवरूनच ओळखतो, कारण काही मागायला गेलं की ते पाठ फिरवतात. पण मला नोकरी करायची होती, म्हणून मी जोडीची गोष्ट काढली. या टोपल्या दुधात जोडीने फिरतात. दादासारख्यांच्या अंगात काही पेशी असतात, त्यांच्यावर या अँटीबॉडी हात पसरून उभ्या असतात. सुटी टोपली येऊन एकीच्या हाताला लागली तर पेशी ढिम्म हलत नाही. पण जोडीतली एक हिने धरली आणि दुसरी शेजारणीने, की दोघी एकमेकींकडे ओढल्या जातात आणि पेशी पोटातलं सगळं बाहेर ओकते. मग खाज, गांधी, सूज, घसा बंद. चित्रात ते स्पष्ट दिसत होतं. सपाट बाजू जोडीच्या दोन्ही अंगांना मोकळी होती, आणि कंगोरा काठावर नुसता मिरवत होता.

‘स्फटिकात थिजलेलं काही खरं नसतं,’ साहेब म्हणाले आणि चित्र माझ्याकडे सरकवलं. ‘आणि तुम्हाला ठाऊक आहे ना, नकटी व्यायली.’

नकटी ही गाय. साहेबांनी दुग्धमंडळाला पटवून एक गाय तयार करवून घेतली होती, जिच्या दुधातल्या टोपलीला कंगोराच नाही. कंगोरा गेला की ओळख गेली, ओळख गेली की अॅलर्जी गेली, असा हिशेब. गाईचं अधिकृत नाव चार ओळींचं होतं. प्रयोगशाळेत तिला पहिल्या दिवसापासून नकटी म्हणतात. साहेबांना ते आवडत नाही, पण तेही रागाच्या भरात नकटीच म्हणतात.

नकटीच्या दुधाची पहिली बाटली आली ती नेमकी सुट्टीच्या आदल्या दिवशी, आणि आमची शीतखोली बंद पडलेली. दुसऱ्या विभागाच्या फ्रिजमध्ये ठेवू, असं मी सुचवलं. साहेब म्हणाले, ‘त्यात लोक डबे ठेवतात. माझ्या घरच्या फ्रिजइतकी निगा इथे कुणी घेत नाही.’ आणि बाटली तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून गाडीत बसले. सुट्टी संपल्यावर तशीच छातीशी धरून परत आणली. आम्ही चाचणी लावली.

चाचणी सोपी असते. प्लास्टिकच्या ताटलीत लहान लहान खळगे असतात. खळग्यात दूध चिकटवायचं, त्यावर दादाची अँटीबॉडी सोडायची, धुवायचं, मग रंगाचं औषध घालायचं. अँटीबॉडी दुधाला धरून राहिली असेल तर खळगा पिवळा होतो. एका बाजूला साधं कच्चं दूध, दुसऱ्या बाजूला नकटीचं. साध्या दुधाचे खळगे हळदीसारखे पिवळे झाले. नकटीचे पाण्यासारखे स्वच्छ.

मी खुर्चीतच बसले. माझं चित्र म्हणत होतं की कंगोरा असला काय नि नसला काय, अँटीबॉडीला काडीचा फरक पडणार नाही. ताटली म्हणत होती, पडला. साहेबांनी ताटली खिडकीच्या उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचलं. चहाच्या टेबलावर मी आले की लोक आपापली नाकं चाचपायला लागले. मेल्यांना तेवढंच काम.

मग सोहळा ठरला. दुग्धमंडळाचे लोक येणार, बाहेरच्या विद्यापीठांतले पाहुणे येणार, आणि व्यासपीठावर सगळ्यांच्या देखत नकटीचं दूध पिणार कोण, तर ज्याची अँटीबॉडी तोच. माझा भाऊ. साहेबांनी मला विचारलं नाही, थेट दुकानात जाऊन दादाला विचारलं. दोन डझन पावही घेऊन आले.

कळल्यावर मी तशीच उठून भट्टीवर गेले. दादा पीठ तिंबत होता.

‘तू ते दूध पिणार नाहीस,’ मी म्हणाले.

‘का गं? तपासलंय ना तुम्ही?’

‘तपासलंय. ताटली म्हणते चालेल. माझं चित्र म्हणतं चालणार नाही.’

‘मग चित्र खरं की ताटली?’

हाच प्रश्न मी स्वतःला विचारून थकले होते. खोटं बोलून त्याला अडवावं असं फार वाटलं. जमलं नाही. ‘ताटलीत जे झालं ते डोळ्यांनी पाहिलंय,’ मी म्हणाले, ‘पण माझ्या मनाला पटत नाही.’

‘तुझ्या मनाला माझी बायकोही पटली नव्हती,’ दादा म्हणाला. वहिनी आतून खोकली. ‘चिमे, आयुष्यभर दुधाचे पाव विकतोय मी. गिऱ्हाईक विचारतं, दूध ताजं आहे ना? मी म्हणतो, एकदम ताजं. मला काय माहीत गं, ताजं म्हणजे कसं लागतं ते. एकदा पिऊ दे. मिशी उमटू दे एकदाची.’

 कपाळ माझं. मी एवढंच केलं, की घसा बंद झाला तर मांडीत टोचायची दोन इंजेक्शनं घेतली आणि पर्समध्ये टाकली. सोहळ्याला डॉक्टर बोलावू या, असं साहेबांना विनवलं. ते म्हणाले, ‘डॉक्टर उभा केला तर लोकांना वाटेल आपलाच आपल्यावर विश्वास नाही.’

सोहळ्याच्या सकाळी सभागृहात नवीन पडदे होते आणि पडद्यांवर इस्त्रीच्या घड्या तशाच. व्यासपीठावर टेबल, टेबलावर माइक, माइकशेजारी झाकण ठेवलेला काचेचा पेला. दूध त्याच पहाटे थेट गोठ्यातून आणलेलं, ‘ताजं, कच्चं, जसंच्या तसं,’ हे साहेबांनी सुरुवातीलाच अभिमानाने सांगितलं. दादा नवाकोरा सदरा घालून खुर्चीत बसला होता. केस पाण्याने चापून बसवलेले. मी पहिल्या रांगेच्या टोकाला, पर्स मांडीवर, चेन उघडी. माझ्या शेजारी साहेबांच्या बायको, एवढं सांगून झाल्यावर धावतपळत आलेल्या. मॅडम तशा माणूस म्हणून झकास, पण त्यांना गप्प बसवत नाही.

साहेबांनी नाकाचा दाखला दिला. मागच्या रांगांत नाकं चाचपली गेली.

‘घरी रोज हेच ऐकते मी,’ मॅडम माझ्या कानाशी लागल्या. ‘बाई, बाटली नीट मिळाली होती ना तुम्हाला? यांचा एवढा जीव होता तिच्यात, मला तर फ्रिज उघडायची भीती वाटायची.’

‘मिळाली, मॅडम.’ माझं लक्ष पेल्याकडे होतं.

‘नाही, सुट्टीत नासलं असतं तर खापर माझ्या डोक्यावर. म्हणून मी आलं तसं तापवलं. मग रोज सकाळ-संध्याकाळ तापवायची, चांगलं दहा-दहा मिनिटं उकळू द्यायची. उतू म्हणून जाऊ दिलं नाही हो. काय साय धरली होती त्याला, एवढी जाड. ती तेवढी मी काढून ठेवली.’

मला आधी त्या काय म्हणाल्या तेच कळेना. मग मी त्यांच्याकडे वळले.

‘तापवलंत?’

‘मग? कच्चं दूध ठेवतं का कुणी घरात?’

ताटलीतले ते स्वच्छ खळगे. साध्या दुधाचे खळगे कच्च्या दुधाचे होते आणि नकटीचे उकळलेल्या. कंगोरा गेला म्हणून ओळख गेली नव्हती. दूध पुन्हा पुन्हा उकळून टोपलीच उसवली होती, जशी दादाच्या भट्टीत उसवते. आणि पेल्यातलं दूध कच्चं होतं, ताजं, जसंच्या तसं, दोन्ही बाजूंनी सपाट पाठ उघडी टाकून बसलेलं. माझं चित्र खरं होतं. मला त्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. वर साहेब दादाच्या हातात पेला देत होते.

मी उठले. ‘सर, एक मिनिट थांबा.’

‘प्रश्न शेवटी,’ साहेब माइकवरून म्हणाले.

‘प्रश्न नाहीये. ते दूध—’

‘बाई, प्रश्नोत्तरं शेवटी ठेवलीत. बसा.’ आणि सभागृहातल्या सगळ्या विद्वान मंडळींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवणाच्या पंगतीत चप्पल घालून शिरलेय. आमच्या लोकांना माणूस मेला तरी चालेल, प्रश्न शेवटीच हवा. ‘दादा, पिऊ नकोस,’ मी म्हणाले, पण ते त्याला माझं नेहमीचंच वाटलं असावं; तो माझ्याकडे बघून हसला. तेच हसू, पिठाच्या मिशीतलं. पेला त्याच्या हनुवटीपर्यंत आला होता. मी धावत व्यासपीठावर पोचेपर्यंत घोट गेला असता, आणि साहेबांना माझं ऐकायला लावण्याइतका वेळ उभ्या आयुष्यात मला मिळाला नव्हता.

त्यांना ऐकायला लावणारं माणूस माझ्या शेजारी बसलं होतं. मी खाली वाकून म्हटलं, ‘मॅडम, ते दूध कच्चं आहे. तापवलेलं नाही.’

मॅडम ताडकन उठल्या. एवढ्या झटक्यात उठल्या की त्यांची खुर्ची मागच्या पाहुण्यांच्या गुडघ्यांवर गेली.

‘अहो,’ त्या म्हणाल्या. माइकची त्यांना गरज नव्हती. ‘कच्चं दूध देताय होय माणसाला? गोठ्यातून आणलं नि तसंच?’

दादाचा हात थांबला. साहेबांचा चेहरा पडला. ‘अगं, ते मुद्दामच तसं ठेवलंय.’

‘मुद्दाम? आणि मग घरी मी चार-चार वेळा तापवलं ते?’ बोलत बोलत मॅडम पायऱ्या चढून वर गेल्या होत्या, आणि आता त्या माइकच्या अगदी समोर होत्या. ‘ती तुमची बाटली. उकळून उकळून दिली म्हणून टिकली. नाहीतर काय घेऊन जाणार होतात चाचणीला, फाटलेलं दूध?’

त्यांनी दादाच्या हातातून पेला ओढला. थोडं दूध हिंदकळलं आणि त्याच्या मनगटावर सांडलं.

 मागून एक पाहुण्या प्राध्यापक बाई हळूच उठल्या. ‘म्हणजे चाचणी उकळलेल्या दुधावर झाली होती का?’

‘प्रश्न शेवटी,’ साहेब म्हणाले. पण त्या बसल्या नाहीत.

तोवर दादाच्या मनगटावर गांधी उठायला लागल्या होत्या. आधी एक, मग तिच्या शेजारी दुसरी, मग सदऱ्याच्या बाहीखाली सरकत गेलेली सगळी रांग, टम्म लाल. पहिल्या रांगेतल्या दुग्धमंडळाच्या लोकांना त्या चष्म्याशिवाय दिसल्या. सपाट बाजूच्या ओळखीचा याहून स्वच्छ पुरावा मी चित्रात काढू शकले नसते.

मी दादाला हाताला धरून बाहेरच्या बेसिनपाशी नेलं. साबणाने मनगट खसाखसा धुतलं, अॅलर्जीची गोळी दिली, घशाला काही होतंय का म्हणून दर घडीला विचारत राहिले. काही झालं नाही. पेला ओठाला टेकला नव्हता. त्या गडबडीत पर्समधली इंजेक्शनं फरशीवर पडली. मला रडू आलं, आणि साहेबांचा एवढा संताप आला की रडू तिथेच अडकलं.

दादा ओल्या मनगटाकडे बघत होता. ‘म्हणजे हेही नाही?’ त्याने विचारलं.

‘नाही रे.’

त्याने हात पुन्हा नळाखाली धरला. मग म्हणाला, ‘आणि त्या बाईंनी तापवलेलं?’

 मी, साहेब, सगळी संस्था कंगोऱ्याच्या मागे लागली होती, आणि तापवलेल्या दुधाचं काय हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पुढे संस्थेत काय झालं, ते तुम्हीही ओळखाल. साहेबांवर काही शेकलं नाही. चौकशी समिती बसली, समितीचे अध्यक्ष साहेबच होते. नकटीला तिच्या चार ओळींच्या नावासकट साध्या गाईंत सोडून देण्यात आलं. आणि हंगाम बदलायच्या आत साहेबांचा नवा शोधनिबंध बाहेर पडला: ‘नियंत्रित औष्णिक प्रक्रियेने दुग्धप्रथिनाची ओळख पुसण्याचे अभिनव तंत्र’. म्हणजे दूध उकळणे. त्याचं पेटंट मागितलंय म्हणे. माझं चित्र त्यात पान भरून छापलंय, खाली माझं नाव मुंगीएवढ्या अक्षरात आहे, आणि सपाट बाजूला त्यांनी आता ‘दुसरा कंगोरा’ असं नाव दिलंय. मॅडमचं नाव शेवटी आभारात आहे, ‘घरगुती सहकार्याबद्दल’. मॅडमनी तो निबंध मला दाखवला आणि विचारलं, ‘यात माझं पातेलं कुठे आहे?’

दादाला मी दवाखान्यात नेलं. त्याआधी साधंच दूध घेतलं, चांगलं उकळलं, आणि ताटली पुन्हा पुन्हा लावली. खळगे स्वच्छ राहिले. मग अॅलर्जीच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या आधी नाहीच म्हणाल्या. ताटली आणि माणूस यांत फरक असतो, हे त्यांनी मला सुनावलं, आणि त्यांचं खरंच होतं. शेवटी तयार झाल्या, पण खाट त्यांची, सलाईनची सुई आधीच लावलेली, नर्स शेजारी, आणि घरी कुणी हा उद्योग करायचा नाही अशी तंबी. दूध दवाखान्याच्या स्वयंपाकघरात उकळायचं ठरलं. मॅडम सकाळपासून तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या. आचाऱ्याने दूध पाच मिनिटांत उतरवायला घेतलं, तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर चमचा मारला.

आधी ओठाला थेंब. थांबायचं. मग जिभेवर थेंब. थांबायचं. मग चमचा. डॉक्टरीणबाई दर वेळी त्याच्या छातीला नळी लावायच्या, मी त्याच्या मनगटाकडे बघायची. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती. दुपार कलली तेव्हा त्यांनी लहान पेला भरला.

दादाने तो दोन्ही हातांत धरला आणि सावकाश प्यायला. आम्ही वाट पाहिली. बराच वेळ. काही झालं नाही. त्याच्या अँटीबॉडीने दुधाला ओळखलंच नाही.

‘कसं लागतं?’ मी विचारलं.

तो विचारात पडला. ‘काही खास नाही गं,’ तो म्हणाला. ‘पाव बरा.’ मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरीणबाई दचकून पुढे झाल्या, त्यांना वाटलं, झाली सुरुवात. मी त्यांना थांबवलं.

संध्याकाळी त्यांनी सोडलं. बेसिनवरच्या आरशात दादाने स्वतःला पाहिलं. वरच्या ओठावर वाळलेली पांढरी रेघ होती. मी पर्समधून रुमाल काढला.

‘हात लावशील तर बघ,’ तो म्हणाला, आणि मिशी तशीच ठेवून दुकान उघडायला गेला.